सर्वांत कमी हललेला माणूस

३ फेब्रुवारी, दुपार

रोजनिशी लिहायचं ठरवून तीन महिने होत आले. आधी वही नव्हती. वही आली तर पेन चालेना. पेन आलं तोवर वहीच्या पहिल्या पानावर ताईने गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता, आणि दुसऱ्या पानापासून सुरुवात करणं मला तत्त्वतः पटत नाही. आज ते पान फाडलं. ताई नंबर शोधतेय. मी लिहितोय.

सध्याची परिस्थिती. मुक्काम ताईकडे, मागच्या खोलीत, जिथे पूर्वी सुटकेसेस राहायच्या. त्याआधी दीड-पावणेदोन वर्षं हिंडलो. एका गावात हॉटेलात भांडी, एका गावात होड्यांना रंग, एका गावात नुसताच. ऑक्टोबरपासून विश्रांती. ताईचं म्हणणं, भिंतीकडे तोंड करून चार महिने पडण्याला विश्रांती म्हणत नाहीत. मी म्हटलं, मधूनमधून कूस बदलतो.

आज तिने निर्वाणीचं सांगितलं. एकतर डॉक्टरला दाखव, नाहीतर बाबांकडे आठवडाभर राहून ये. दोन्ही होत नसेल तर महिनाअखेर खोली मोकळी कर. मी विचारलं, मला झालंय तरी काय? ती म्हणाली, तेच विचारून ये म्हणतेय ना.

मला काहीही झालेलं नाही. काही वाटतच नाही, तर होणार कुठून.

संकल्प: उद्यापासून लवकर उठायचं. इस्त्री जोडायची. (ताईची इस्त्री नीट तापत नव्हती म्हणून गेल्या आठवड्यात उघडली. टेबलावर पेपर अंथरून भाग मांडलेत. भावोजी तेव्हापासून चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात.)

५ फेब्रुवारी

उठायला अकरा. पण झोप भंगली होती नऊलाच, ते धरायला हवं.

इस्त्रीची वायर आणायला निघालो. वाटेत एका कॉलेजच्या इमारतीत थंड पाण्याचं मशीन दिसलं, म्हणून आत गेलो. शेजारी नोटीस. मेंदूची छायाचित्रं काढून मानसिक आरोग्यात माणसामाणसांत काय फरक असतो त्याचा अभ्यास चालू आहे, स्वयंसेवक हवेत. सगळ्या प्रकारची माणसं चालतील.

तिसरा मार्ग सापडला. विज्ञान.

ताईशी सौदा केला. मशीनने डोकं ठणठणीत आहे असं सांगितलं, की डॉक्टर रद्द, बाबा रद्द, खोली माझी. ताई बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, बरं, निदान घराबाहेर तरी पडशील. भावोजी म्हणाले, मशीनला आधी सापडू तर दे.

वायर राहिली.

१० फेब्रुवारी

संशोधन करणाऱ्या मॅडमना भेटलो. वाटलं होतं चष्मा, पांढरा कोट. निघाल्या माझ्याच वयाच्या, केसांच्या गाठीत पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल टेबलावर शोधत होत्या. मी सांगितलं नाही. पहिल्याच भेटीत बरं दिसत नाही.

म्हणाल्या, पूर्वी शंभर जणांचे मेंदू बघून सरासरी काढायचे. पण सरासरी मेंदू कुणाच्याच डोक्यात नसतो. दोन माणसं म्हणतात मन लागत नाही. एकाचं आत एक बिनसलेलं असतं, दुसऱ्याचं भलतंच. म्हणून आम्ही एकेकाला पुन्हा पुन्हा बघतो. तुमची तुलना तुमच्याशीच.

ही पद्धत मला पसंत आहे. शाळेत हीच असती तर बारावीनंतरही शिकलो असतो.

मग प्रश्न. झोप उडते का? नाही. रडू येतं का? नाही. राग? नाही. भीती? नाही. कशाची वाट बघता का? नाही. पैकीच्या पैकी. मॅडम लिहिता लिहिता जरा थांबल्या. असा उमेदवार रोज मिळत नसणार.

फोनमध्ये एक अ‍ॅप घातलंय. दिवसातून केव्हाही घंटी वाजते: आत्ता कसं वाटतंय, एक ते दहा. मी पाच दाबतो. ना इकडे ना तिकडे. समतोल.

१३ फेब्रुवारी

पहिला स्कॅन झाला. हे नीट लिहून ठेवतो.

मशीन चालवणारा एक पोट सुटलेला, शांत माणूस आहे. त्याला मी मशीनवाला म्हणतो. आत प्रचंड चुंबक, म्हणून आधी अंगावरचं लोखंड काढायचं. पट्टा, किल्ली, नाणी. म्हणाला, खिशात आणखी काही? हात घातला तर तो स्क्रू. तपकिरी पँटच्या छोट्या खिशात कायम असतो. त्याने विचारलं, हा कशाचा? म्हटलं, असाच. लकी. तो म्हणाला, लकी माणसं अंगठी घालतात. मग प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये माझ्या किल्लीशेजारी ठेवला, टण् वाजू न देता.

डोक्यावर पिंजरा. कानात बोळे. हातात रबरी फुगा, जीव घाबरला तर दाबायचा. सूचना एकच: हलू नका. मग मशीन सुरू. लोक ह्या आवाजाला घाबरतात म्हणे. जाड कापडावर कुणी भरधाव शिवण घालतंय असा आवाज. मला सवय आहे. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी त्याच आवाजात पाळण्यात झोपलोय.

बाहेर आल्यावर मशीनवाला म्हणाला, पडद्यावर तुमच्या हालचालीची रेघ दिसते, तुमची सपाट. मला वाटलं मशीन बंद पडलं. इतक्या वर्षांत इतका कमी हललेला माणूस पाहिला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो. घरी येताना वायर आणायची विसरलो, पण अशा दिवशी क्षम्य.

१४ फेब्रुवारी

मॅडमनी माझ्या मेंदूचं चित्र दिलंय. फ्रिजवर लावलं. भावोजींनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले, आहे म्हणजे. आम्हाला उगाच शंका. मग म्हणाले, ह्यात इस्त्री जोडायचा भाग कुठला? शर्ट बघून आमच्या साहेबांनी विचारलं, घरी काही अडचण आहे का.

ताई म्हणाली, इस्त्रीवाल्याला बोलावते. मी साफ नाही म्हटलं. आमच्या दुकानाचा नियम आहे: ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं. कुठला स्क्रू कुठून निघाला, कुठला घट्ट होता, हे त्याच हाताला ठाऊक असतं. दुसऱ्याने हात घातला की दोन भाग उरतात आणि मशीन बिघडतं. बाबा तर गिऱ्हाईक बोंबललं तरी दुसऱ्याचं उघडलेलं मशीन बंद करत नाहीत.

ताईने हातातला फोन खाली ठेवला. म्हणाली, नियम पाठ आहे तर.

हिच्या बोलण्यात अलीकडे अर्थ फार असतो.

१८ फेब्रुवारी

पाच. पाच. पाच. पाच.

२१ फेब्रुवारी

दुसरा स्कॅन. ह्या वेळी आत चेहरे दाखवले. हसरे, रागावलेले, घाबरलेले, रडवेले. ओळखायचं आणि बटण दाबायचं. एकही चुकलो नाही. रडवेला चेहरा बघून रडवेला म्हणून कळतो, एवढंच. बसची पाटी वाचावी तसं.

रेघ सपाटच. मॅडम म्हणाल्या, तुमचा डेटा फार स्वच्छ आहे. संध्याकाळी ताईला सांगितलं, मेंदू स्वच्छ आहे असं म्हणाल्या. ती म्हणाली, असं म्हणाल्या? मी म्हटलं, साधारण.

भावोजी म्हणाले, स्वच्छ म्हणजे रिकामी खोलीपण स्वच्छच असते. मी जाऊ दिलं. चुरगळलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२५ फेब्रुवारी, दुपार

मॅडमचा फोन. म्हणाल्या, तुम्ही परवा दुपारी पण पाच दाबलंय. म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, तुमच्या इमारतीला आग लागली होती असं तुम्हीच अ‍ॅपच्या टिपेत लिहिलंय.

लागली होती. तिसऱ्या मजल्यावर, कुणाचा तरी गीझर. घंटा वाजली, सगळे खाली धावले, ताई ऑफिसात होती. मी पडलेलो होतो. उठायचा विचार करत होतो. इतक्यात विझली. बरोबर अंदाज होता माझा.

मॅडमनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, तुमच्यात आणि तुमच्यात काहीच फरक पडत नाहीये. म्हटलं, धन्यवाद.

ताईला आगीचं सांगितलं नव्हतं. तिला खालच्या वॉचमनने सांगितलं. रात्रीचं जेवण तिने माझ्या खोलीत आणून ठेवलं आणि मी संपवेपर्यंत दारात उभी राहिली. बोलली मात्र काही नाही. आमच्यात हेही एक साम्य आहे.

२७ फेब्रुवारी

तिसऱ्या, शेवटच्या स्कॅनमध्ये आवाज ऐकवणार. काही अनोळखी, एक ओळखीचा. जो तो आपल्यासमोर काय दिसतंय ते दोन मिनिटं सांगतो, बस. मॅडमनी विचारलं, जवळच्या कुणाचा नंबर देता? आम्ही फोनवर रेकॉर्ड करतो.

ताईचा द्यावा तर ती समोरच्या भिंतीचं सोडून माझंच वर्णन करेल. म्हणून युक्ती केली. बाबांच्या दुकानाचा नंबर दिला. दोन वर्षांत एकदाही बोललेलो नाही. ते फोन उचलतच नाहीत, हातांना तेल असतं. आवाज मिळाला नाही की मॅडम सगळे अनोळखीच ऐकवतील. साप मरेल, काठीही शाबूत.

मॅडमनी विचारलं, वडिलांना तुम्ही इथे आहात ते ठाऊक आहे? म्हटलं, ताई सांगत असेल. त्यांनी विचारलं, आणि आई? म्हटलं, आई नाहीये. त्यांनी विचारलं, कधीपासून? म्हटलं, दोन वर्षं. मग विचारलं, हिंडायला कधी निघालात? म्हटलं, दोन वर्षं. त्यांनी लिहून घेतलं. अशा तपशिलाचा विज्ञानाला काय उपयोग, देव जाणे.

ताईला मुदत वाढवून मागितली. निकाल मार्चमध्ये. ती म्हणाली, निकालच लागू दे एकदा.

२ मार्च

वायर आणली. जाडी चुकली.

उद्या शेवटचा स्कॅन. मशीनवाल्याने सांगितलंय, उद्याही सपाट निघालात तर तुमची रेघ नव्या मुलांना शिकवताना दाखवू. भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, मेलेल्या माणसाची याहून सपाट येते. ताई त्यांच्यावर इतकी चिडली की मला गंमत वाटली. म्हणजे वाटायला हवी होती.

३ मार्च, दुपार

नाक खाजलं. कुणाचंही खाजू शकतं.

पहिली एक बाई होती. समोर खिडकी आहे, कुंडी आहे, कुंडीत काही नाही. मग एक म्हातारा, त्याच्यासमोर औषधांच्या बाटल्या. मग कुणीतरी मुलगी, टेबलावर खोडरबर. मी मस्त पडलो होतो. मशीन आपलं शिवण घालत होतं.

मग घसा खाकरण्याचा आवाज. ते आधी खाकरतात, मग बोलत नाहीत, मग पुन्हा खाकरतात.

म्हणाले, समोर काय सांगू? समोर मशीन आहे. हिचं. ही गेल्यावर बाराव्या दिवशी पोरगा म्हणाला, आईचं मशीन साफ करून ठेवतो. उघडलं. भाग ट्रेमध्ये ओळीने मांडले. चांगले मांडलेत, मी शिकवलंय तसे. मग चहा घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. तसंच आहे. मी हात लावलेला नाही. वर पेपर घालतो, धूळ बसू नये म्हणून. पेपर बदलतो. बॉबिनमध्ये निळा दोरा आहे, थोडासा. एक स्क्रू कमी आहे. शोधला. टेबलाखाली पण नाही.

मग पुन्हा खाकरले. मग म्हणाले, झाली का दोन मिनिटं?

ह्याच सुमारास नाक खाजलं. हात वर गेला तो पिंजऱ्याला आपटला. मग दुसरा हातही गेला. फुगा दाबला गेला असावा, कारण मशीन थांबलं आणि मशीनवाला आत आला. त्याने मला बाहेर ओढलं, पिंजरा काढला. टेबलावर कागदी रुमालाचा डबा होता, तो माझ्या बाजूला सरकवला आणि भिंतीवरची पाटी वाचत उभा राहिला. पाटीवर फक्त 'धातू आणू नये' असं लिहिलंय. बराच वेळ वाचत होता.

बोळ्यांमुळे कानाला त्रास होतो, कानाचा डोळ्याशी संबंध असतो, डोळ्यांतून पाणी येतं. हे शास्त्रीय आहे.

रेघेबद्दल विचारलं. तो म्हणाला, जाऊ द्या. डोंगर झालाय.

पट्टा न लावताच निघालो. पँट हाताने धरून बसमध्ये.

५ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

मॅडमकडे निकाल मागायला गेलो. आवाजाचा भाग वाया गेला असं मीच म्हटलं, माफ करा, नाक. त्या म्हणाल्या, वाया कुठला, तुम्ही पहिल्यांदाच तुमच्यापेक्षा वेगळे दिसलात.

मग मी सरळ मुद्द्यावर आलो. डोकं ठणठणीत आहे एवढं एका कागदावर लिहून द्या, ताईला दाखवायचंय. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, स्कॅनमधून तसं सांगता येत नाही. एकट्या माणसाचा मेंदू बघून तो बरा आहे की नाही हे अजून कुणालाच कळत नाही. ते शिकायलाच तर चाललाय हा खटाटोप. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की.

सांगितलं असेल. पेन्सिलीकडे लक्ष होतं.

मग म्हणाल्या, मशीन सांगू शकत नाही, पण मी माणूस म्हणून सांगते, कुणाशी तरी बोला. एक कार्ड दिलं, समुपदेशकाचं. कार्डचा कागद चांगला आहे. वहीत खूण म्हणून ठेवलंय, ह्याच पानात.

म्हणजे निकाल: निकाल नाही. सौदा फिसकटला. ताईला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, अभ्यास चालू आहे.

अ‍ॅप वाजलं. पाच दाबताना बोट चारवर पडलं. स्क्रीन जुनी झालीय.

संकल्प: शनिवारी निघायचं. ताईला खोली मोकळी हवीच होती. कुठे ते ठरवायचं नाही, हिंडण्यात तीच तर मजा. मन प्रसन्न. म्हणजे होईल, निघाल्यावर.

७ मार्च, सकाळ

निघायचा दिवस. सातला उठलो, ह्याची नोंद असावी. बस बाराची. बॅग भरली. इस्त्रीचे भाग एका डब्यात घातले आणि डब्यावर 'इस्त्री' असं लिहिलं. हेही एका परीने जोडणंच.

ताई स्वयंपाकघरात. निघतो म्हणून सांगितलं, तर म्हणाली, चहा घेऊन जा. भांडं गॅसवर ठेवलं. मग म्हणाली, नको, चहा नकोच.

मशीनवाल्याचा फोन. म्हणाला, तुमचा तो लकी स्क्रू ट्रेमध्येच राहिलाय, पट्टापण. पट्टा ठेवतो, पण स्क्रूचं काय? म्हटलं, टाकून द्या, असले पैशाला पासरी मिळतात. त्याने विचारलं, नक्की? झाडणाऱ्या मावशी आत्ता आल्यात, केर काढतायत. म्हटलं, द्या त्यांच्या केरात.

फोन ठेवल्यावर छोट्या खिशात हात घातला. सवय, दुसरं काही नाही.

तोच दिवस, अकरा वाजता

ताई दारात. हात ओले, पुसलेलेसुद्धा नाहीत. म्हणाली, बाबा आलेत. म्हटलं, कुठले बाबा? ती म्हणाली, आपल्याला असे किती आहेत?

कुठे जात नाहीत ते. दुकान सोडून लग्नालासुद्धा जात नाहीत. ताई म्हणाली, पहाटेच्या बसने आलेत. कुणी डोक्याच्या मशीनवरून फोन केला होता, पोरगा त्यात झोपतो म्हणाले, म्हणून. खाली उभे आहेत. वर चला म्हटलं तर म्हणतात, त्याला खाली पाठव. पायाशी चादरीत बांधलेलं काहीतरी जड आहे, ते एकट्याने उचलत नाही. आणि हातात पत्र्याचा ट्रे धरलाय, दोन्ही हातांनी, आडवा, वर पेपर घातलेला. मी घ्यायला गेले तर देत नाहीत. अख्ख्या प्रवासात मांडीवर असाच धरून आणलाय म्हणे, ओळ मोडू नये म्हणून.

घंटी वाजतेय. आत्ता कसं वाटतंय. नंतर बघतो.

मशीनवाल्याला फोन लावतोय. टाकू नका एवढंच सांगायचंय. वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावतोय.

ताई जिन्यातून हाका मारतेय. म्हणतेय, अरे लवकर ये, ते जागचे हलत नाहीयेत.